गंजची पहिली गायिका

जावयाला माहितीपटांचं वेड होतं. काचा बसवण्याचं काम करणारा माणूस. आठवडाभर दुसऱ्यांच्या खिडक्यांशी झटापट करायची आणि रविवारी सासूच्या घरी येऊन टीव्हीसमोर ठाण मांडायचं, हा त्याचा शिरस्ता. बरं, एकटा बघेल तर शपथ. स्वतः पाहिलेलं दुसऱ्याला दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. "आई, हे बघाच," असं तो म्हणाला की त्याची बायको कपाळाला हात लावायची आणि सासूबाई मुकाट्याने चष्मा पुसायला घ्यायच्या. त्याच्या शिफारशीवरून त्यांनी आजवर मधमाश्यांवरचा दीड तासाचा, मिठाच्या खाणीवरचा तीन तासांचा आणि एका पुलावरचा चार भागांचा माहितीपट पाहिला होता. पुलाच्या तिसऱ्या भागात त्या बसल्या जागी चक्क घोरल्या होत्या. त्याने आवाज कमी केला, पण पूल काही बंद केला नाही.

सासूबाईंना सगळे ताई म्हणत. वय पंचावन्न. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये त्या बावीस वर्षं काम करत होत्या. दवाखान्यांतून लोकांच्या हिरड्यांचे ठसे यायचे, ताई त्यांत प्लास्टर ओतून साचे काढायच्या, साच्यावर गुलाबी मेण चढवून त्यात एकेक दात बसवायच्या. हात असा की मालक म्हणायचा, "ताईंनी लावलेले दात बघून खऱ्या दातांनी लाजावं." बोलणं मात्र बेताचं. गळ्याचं जुनं ऑपरेशन होतं. आवाज कुजबुजीइतकाच निघायचा, तोही खरखरीत. नवरा वीजमीटरचे आकडे घेत दारोदार फिरणारा, साधा माणूस. त्याला जाऊन आठ वर्षं झाली होती. लेक दोन गल्ल्या सोडून राहायची. एकूण ताईंच्या आयुष्याबद्दल कुणी विचारलंच, तर दोन मिनिटांत सांगून संपलं असतं.

त्या रविवारी जेवणं झाली आणि जावई म्हणाला, "आई, आजचा तुम्हाला मुळीच आवडणार नाही. पण बघाच. मी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा रडलो."

"कशावर आहे?"

"एका हेवी मेटल बँडवर."

"म्हणजे ते केस वाढवून बोंबलतात ते?" लेक स्वयंपाकघरातून म्हणाली. "अरे, आईला काय दाखवतोस ते! या घरात मी साधा रेडिओ लागलेला ऐकला नाही कधी. मिक्सर हेच काय ते आमचं वाद्य."

"नाव काय त्या बँडचं?" ताईंनी विचारलं.

"गंज."

ताई चष्मा पुसत होत्या. त्या पुसतच राहिल्या.

माहितीपट सुरू झाला तो एका मोठ्या लाँड्रीत. भिंतभर ओळीने लावलेली धुलाईयंत्रं गरगर फिरत होती आणि त्यांच्यापुढे एक साठीकडे झुकलेला, प्रचंड देहाचा माणूस ओल्या चादरींचे पिळे ओढून काढत होता. हा गंजचा ड्रम वाजवणारा. सगळे त्याला ढोल्या म्हणत, अंगामुळेही आणि वाद्यामुळेही. त्याने सांगितलं की आम्ही चौघं होतो. धान्याच्या एका रिकाम्या गोदामात वाजवायचो. एकमेकांची खरी नावं घ्यायची नाहीत, असा आमचा नियम होता. गिटारवर मास्तर होता, कारण तो शाळेत चित्रकला शिकवायचा. बासवर मुका, तो महिन्यातून दोन वाक्यं बोलायचा. "आणि गायला करवत," ढोल्या म्हणाला. "आमची पहिली गायिका."

मग पडद्यावर एक जुनी, मुंग्या आलेली चित्रफीत दिसली. जेमतेम वीस सेकंदांची. चेहऱ्यावर केस आलेली, डोळ्यांभोवती काजळी फासलेली एक बारीक मुलगी माईक दोन्ही हातांनी गळा धरल्यासारखा धरून उभी होती, आणि तिच्या तोंडातून जे निघत होतं त्याला गाणं म्हणावं की काय म्हणावं! ओल्या लाकडात अडकलेली करवत जोर करून ओढावी, तसं काहीतरी. पण त्यात सूर होता. जावयाने टीव्हीचा आवाज वाढवला. लेकसुद्धा हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"असा आवाज पुन्हा ऐकला नाही," ढोल्या म्हणाला. मग त्याने हातातल्या चादरीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "ती गेली," तो म्हणाला. "आमचा सगळ्यात मोठा कार्यक्रम चार दिवसांवर होता आणि ती गेली."

कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर बराच वेळ थांबला. नंतर पडदा काळा झाला. काळ्यावर त्या मुलीचा फोटो, खाली 'करवत' एवढंच नाव आणि दोन सालं. दुसरं साल लेकीच्या जन्माच्या आदल्या वर्षाचं होतं.

पुढचा तासभर मास्तरचा होता. करवत गेली आणि त्याने गिटार खाली ठेवली ती ठेवलीच, असं कुणी ना कुणी सांगत होतं. तो प्यायला लागला. शाळेची नोकरी गेली. पाच वर्षांपूर्वी लिव्हर निकामी होऊन तो वारला. त्याची बायको, पांढऱ्या केसांची शांत बाई, खिडकीशी बसून सांगत होती: "लग्न झालं तेव्हापासून मी समजायचे, माझंच काही चुकतंय म्हणून हा पितो. आता कळलं, त्याच्या मनात एक मेलेली मुलगी होती. हे कळल्यापासून मला त्याचा राग येत नाही."

संपलं तेव्हा जावई सरळ हमसत होता. "पंचवीस वर्षांची होती हो, आई! कशाने गेली, तेही कुणाला धड ठाऊक नाही. जगली असती तर आज कुठे असती!"

"मी चहा टाकते," ताई म्हणाल्या.

स्वयंपाकघरात ओट्याला दोन्ही हात टेकून त्या उभ्या राहिल्या. राग येत नव्हता, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं. शेवटची नावं पडद्यावरून सरकत होती तेव्हाही त्या वेड्यासारखी वाट बघत होत्या, की आता कुणीतरी म्हणेल, थांबा, ती तिकडे अमक्या गल्लीत राहते, कवळ्या बनवते. कुणी म्हणालं नाही.

पाच वर्षं ताई त्या गोदामात गायल्या होत्या. घरी आईला सांगायच्या, टायपिंगच्या क्लासला जाते. लग्नानंतर नवऱ्याला खरं सांगितलं, तो म्हणाला, "मला काही त्यातलं कळत नाही, पण जा तू." मग दिवस राहिले. तिसऱ्या महिन्यात एका तालमीत ओरडता ओरडता पोटात कळ आली आणि रक्त गेलं. डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं, हे मूल हवं असेल तर अंथरुणावरून उठायचं नाही. कार्यक्रम चार दिवसांवर आला होता. ताई गोदामात जाऊन सांगून आल्या. मास्तर म्हणाला, "चार दिवसांनी काय बिघडणार आहे? चार दिवस थांब, मग झोप वर्षभर." ढोल्या ड्रमच्या काठ्या बोटांत फिरवत बसला. मुका नेहमीसारखाच मुका. तेव्हा त्यांच्या तोंडून गेलं, "मी मेले असं समजा," आणि त्या दार आपटून निघून आल्या.

लेक झाली. बाळंतपणात त्यांना रोज वाटायचं, तिघांपैकी एखादा तरी येईल. निदान शिव्या द्यायला. वर्षभर वाट पाहिली. एक दिवस कॅसेटी, फोटो, काजळीची डबी, सगळं पिशवीत भरून कचऱ्याच्या गाडीत टाकलं. नंतर गळ्यात गाठी निघाल्या, त्या खरवडून काढल्या, आणि उरला तो हा असा आवाज. लेकीला सांगायचं राहून गेलं. आधी घरात सासू होती म्हणून, मग लेक लहान होती म्हणून, आणि मग सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणून.

चहा उतू गेला.

त्या आठवड्यात जावयाने कहर केला. ज्याच्या घरी काच बसवायला जाईल त्याला तो माहितीपट बघायला सांगायचा. औषधांच्या दुकानदाराला सांगितला, समोरच्या इस्त्रीवाल्याला सांगितला, लॅबच्या मालकालाही फोन करून सांगितला. गुरुवारी ताई साच्यांत प्लास्टर ओतत होत्या तेव्हा मालक मागे येऊन उभा राहिला.

"ताई, तुमच्या जावयाने सांगितलेला तो बँडचा पिक्चर पाहिला हो काल. मला त्यातलं संगीत ढिम्म कळलं नाही, पण ती मुलगी... काळजाला चटका लावून गेली."

"हो का?" ताई म्हणाल्या.

त्या दिवशी बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून चूक झाली. वरचा साचा एका बाईचा आणि खालचा एका निवृत्त पोस्टमनचा, असे दोन एकत्र जोडले गेले. दात काही केल्या जुळेनात. मालक हसला, म्हणाला, "लग्नच लावलंत की त्यांचं!" पण संध्याकाळी त्याने ते सहज म्हणून जावयाच्या कानावर घातलं, जावयाने लेकीच्या.

ताईंना वाटत होतं, गप्प बसावं. तीस वर्षं आपण बसलोच, आणखी थोडी. पण लोक येऊन त्यांच्याच मरणाबद्दल त्यांच्याजवळ हळहळत होते, आणि प्रत्येक वेळी "हो का" म्हणताना त्यांना वाटे की आपण त्या मुलीवर एकेक मूठ माती टाकतोय. रविवारी जेवताना त्या म्हणाल्या, "मला एक सांगायचंय. त्या सिनेमातली ती मुलगी मी आहे."

"कुठली मुलगी?" लेकीने विचारलं.

"करवत. मी आहे ती. मी मेले नाही. मी तो बँड सोडला, तुझ्या वेळेला."

जावई आधी मोठ्याने हसला. "काय आई! मग आता एक सही द्या मला!" पण त्याने बायकोकडे पाहिलं आणि त्याचं हसू तिथेच विरलं. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तिला आजी आठवत होती. ताईंची आई शेवटची चार वर्षं याच घरात होती. एका दुपारी अशीच जेवता जेवता, अगदी शांतपणे तिने सांगितलं होतं की ती तरुणपणी विमान चालवायची. सगळे हसले होते. पुढे ती गणवेश मागायला लागली, तुम्ही लपवलात म्हणून भांडायला लागली, आणि अखेर तिला घास गिळायचा असतो हेही आठवेना. सोळा वर्षांची लेक तिला न्हाऊ घालायची. ही गोष्ट कशी सुरू होते, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"आई," ती हलक्या आवाजात म्हणाली, "आज वार कोणता गं?"

"रविवार. अगं, मला काही झालेलं नाही."

"बरं. नाही झालेलं."

ताईंनी ते 'बरं' ओळखलं. आपल्या आईशी आपण हेच 'बरं' बोलायचो. त्यांनी घाईघाईने गाण्याचे शब्द म्हणून दाखवले, आठच्या आठ ओळी. जावई खाली मान घालून म्हणाला, "आई, ते शब्द पिक्चरमध्ये खाली लिहून येतात."

"फोटो असेल ना एखादा?" लेकीने विचारलं. "एक तरी?"

"टाकले सगळे."

"बाबांना माहीत होतं?"

"होतं."

बाबा आता सांगायला येणार नव्हते. ताई उठल्या, भिंतीशी सरळ उभ्या राहिल्या, पोटातून श्वास घेतला आणि तीस वर्षांत कधी काढला नव्हता तो आवाज काढायला गेल्या. नुसती हवा निघाली. मग ठसका लागला, तो थांबेना, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लेक धावत पाणी घेऊन आली, तिने त्यांची पाठ चोळली आणि स्वतःही रडायला लागली. "राहू दे, आई. राहू दे गं. आपण डॉक्टरांकडे जाऊ."

डॉक्टर तरुण होते, मृदू होते. त्यांनी पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात सात वजा करायला लावले, घड्याळ काढून काटे दाखवायला सांगितलं. ताईंचा हात दात लावणारा, पण त्या दिवशी साधा गोल नीट येईना. घड्याळाचे आकडे एका बाजूला गोळा झाले. पाचांतले तीन शब्द आठवले. डॉक्टर "छान, छान" म्हणत लिहीत होते. लहान मुलाला म्हणावं तसं.

"तरुणपणी काय करायचात तुम्ही, ताई?" त्यांनी विचारलं.

ताईंनी लेकीकडे पाहिलं. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण डॉक्टरांसमोर खोटं कसं बोलायचं? "एका बँडमध्ये गायचे," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान वर करून लेकीकडे पाहिलं. लेकीने अगदी किंचित, आईला दिसू नये अशा बेताने, मान नकारार्थी हलवली. डॉक्टरांनी लिहून घेतलं. बराच वेळ लिहीत होते.

झोपेच्या आणि ताकदीच्या गोळ्या मिळाल्या. दीड महिन्याने पुन्हा बोलावलं. लेक त्या दिवसापासून ताईंच्याच घरी मुक्कामाला आली. गॅसचा रेग्युलेटर आठवणीने बंद करून ठेवायला लागली. बाहेर निघताना ताईंच्या पर्समध्ये पत्त्याची चिठ्ठी घालायला लागली. जावई दर रविवारी यायचा, पण टीव्ही लावायचा नाही. 'माझ्यामुळेच झालं' असा चेहरा करून बसायचा, आणि ताईंनाच त्याची कीव यायची.

मास्तर गेला होता, मुक्याचा ठावठिकाणा माहितीपटवाल्यांनाही लागला नव्हता; साक्ष देईल असा जगात एकच माणूस उरला होता. माहितीपटात लाँड्रीची उंच चिमणी दिसली होती, आणि तिच्यामागे धान्याची कोठारं. एके दिवशी लॅबमध्ये अर्ध्या दिवसाची रजा टाकून ताई दोन बस बदलून तिथे गेल्या. याच शहरात तो तीस वर्षं चादरी धूत होता आणि त्या दात बसवत होत्या.

जेवणाची सुट्टी होती तरी यंत्रं चालूच होती. वाफ, साबणाचा वास आणि कानठळ्या बसवणारा आवाज. ढोल्या चादरी वाहायच्या एका गाड्यावर बसून डबा खात होता. त्याने वर पाहिलं. घास हातातच राहिला.

"करवत," तो म्हणाला.

 एवढ्या दिवसांत त्यांना ओळखणारा हा पहिला माणूस. त्या म्हणाल्या, "मी जिवंत आहे."

"काय?" त्याने कानामागे हात धरला. "ऐकू येत नाही गं मला! एक कान गेलाय, दुसरा जायच्या मार्गावर!"

त्यांनी पुन्हा सांगितलं. कुजबुजीपलीकडे आवाज चढेना. त्याला ऐकू येईना. तो उठला, त्यांच्या कोपराला धरून त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेला. तिथे दोऱ्यांवर शेकडो चादरी वाळत होत्या आणि थोडी शांतता होती.

"आवाजाला काय झालं?" त्याने विचारलं.

"गेला. तू मला मारून का टाकलंस?"

ढोल्याने तोंडावरून हात फिरवला. "मी म्हटलं, ती गेली. त्यांनी पुढे काही विचारलंच नाही. मला वाटलं, त्यांना कळलं असेल. मग तयार झालेला सिनेमा दाखवला, तेव्हा बघितलं तर तुझा फोटो काळ्या चौकटीत! साल कुठलं टाकायचं म्हणून मागे एकदा फोन आला होता, तेव्हा तू सोडून गेलीस ते साल मी सांगितलं होतं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. अगदी तोंडावर आलं होतं. पण शेजारी मास्तरची बायको बसली होती. ती रडत होती गं, पण कशी, हलकी होऊन. बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाली, आयुष्यभर वाटलं की हा माणूस माझ्यामुळे पितो." वाऱ्याने उलटलेली एक चादर त्याने सरळ केली. "मास्तर तुझ्यासाठी प्यायला नाही. तू असतानाही प्यायचा, तुला माहीतच आहे. पण तिला काय सांगू? की तुझा नवरा नुसताच दारुडा होता? कशासाठीच नाही, असाच?"



"तिच्या पोरानेसुद्धा बापाचा फोटो पुन्हा भिंतीवर लावलाय," ढोल्या म्हणाला. "तू परत आलीस की तो उतरणार."

"मला माझ्या लेकीला सांगायचंय, एवढंच. तिला आणि माझ्या काचा बसवणाऱ्या जावयाला वाटतंय मला वेड लागलंय. त्यानेच दाखवला मला तुमचा सिनेमा. तू फक्त एकदा ये. कुणाला सांगू नकोस. फक्त तिच्यासमोर सांग."

"काचा बसवणारा तो तुझा जावई? गावभर पिक्चर बघायला सांगत फिरणारा? इथेही आला होता, मला भेटायला. माझ्या पाया पडायचाच बाकी होता." ढोल्या खिन्न हसला. "त्याला कळलं की संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळेल. तो वाईट नाही. पण त्याच्या पोटात राहणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे."

ते खरं होतं. 

"तुम्ही एकानेही येऊन बघितलं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "वर्षभर वाट पाहिली मी."

त्याला ऐकू आलं नसावं असं त्यांना वाटलं. पण आलं होतं. तो चादरीच्या कडेला बोटांनी चुण्या पाडत म्हणाला, "तूच म्हणाली होतीस ना, मी मेले असं समजा. आम्ही पंचविशीतली पोरं होतो गं. आम्हाला वाटलं, तसंच समजायचं असतं. मुका एकदा निघाला होता तुझ्याकडे. मास्तरने अडवला. मी काहीच केलं नाही, ना जायला, ना अडवायला." मग तो म्हणाला, "मूल जगलं ना?"

"तीस वर्षांची आहे."

"मग झालं तर," तो म्हणाला. आतून घंटा वाजली. त्याने ताईंच्या डोक्यावर आपला जड, साबणाने सुरकुतलेला हात क्षणभर ठेवला आणि तो आत गेला. यंत्रांच्या आवाजात त्याने मागे वळून काहीतरी म्हटलं, ते त्यांना ऐकू आलं नाही.

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. मास्तरची बायको त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्या बाईशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. आयुष्यात कधी भेट नाही. तिच्या घरी जाऊन दार वाजवावं, मी जिवंत आहे म्हणावं, हे मनात येऊन गेलं. एका थांब्यावर त्या उठल्यासुद्धा. पण तिचा पत्ता त्यांना ठाऊक नव्हता, आणि ठाऊक असता तरी आपण गेलो नसतो, हे कळल्यावर त्या पुन्हा बसल्या.

घरी लेक दारातच उभी होती. डोळे सुजलेले. लॅबमध्ये फोन केला तर आई अर्ध्या दिवसाची रजा घेऊन गेलेली. तेव्हापासून ती गल्लीगल्लीत शोधत फिरत होती, औषधाच्या दुकानात, बसस्टॉपवर, पार कालव्यापर्यंत जाऊन आली होती.

"कुठे होतीस? कुठे गेली होतीस तू?" ती ओरडली, आणि मग एकदम आवाज खाली आणून, समजावणीच्या सुरात म्हणाली, "बरं, असू दे. आलीस ना. बस हं."

ताई बसल्या. लेकीने त्यांच्या पायांतल्या चपला स्वतः काढल्या. तिच्या केसांत एवढ्यातच पांढरे दिसायला लागले होते. गेल्या महिन्याभरात ती दोन गल्ल्यांपलीकडच्या तिच्या घरी एकदाही झोपली नव्हती. ताईंना वाटलं, हिच्यासाठीच तर आपण उठून आलो होतो त्या गोदामातून. आता हिलाच छळतोय.

"त्या सिनेमाचं मला काहीतरी भलतंच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "आता नाही वाटत तसं."

लेक वर बघायला लागली. "म्हणजे?"

"ती मुलगी मी नाही. कशी असेन? मला गाता येतं का कधी?"

"खरंच? खरंच तसं वाटतंय तुला?"

"खरंच."

लेकीने त्यांच्या मांडीत डोकं खुपसलं आणि ती ओक्साबोक्शी रडली. रडता रडता हसली. "गोळ्या लागू पडल्या," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, आजीसारखं... मला वाटलं होतं, तूही गेलीस." ताई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. त्यांना रडू आलं नाही. कुणासाठी रडायचं, तेच उमजत नव्हतं.

दीड महिन्याने त्या पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या. पाचच्या पाच शब्द आठवले. घड्याळाचे आकडे सारख्या अंतरावर आले. तरुणपणी काय करायचात, या प्रश्नाला ताई म्हणाल्या, "घरीच असायचे. विशेष काही नाही." डॉक्टरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "उत्तम सुधारणा आहे," ते लेकीला म्हणाले, आणि गोळ्या आणखी सहा महिने चालू ठेवायला सांगितल्या.

लेक पुढे जिना उतरत होती आणि फोनवर नवऱ्याशी बोलत होती. "आई एकदम बरी आहे! अरे, सगळी उत्तरं बरोबर दिली!" तिच्या आवाजात कित्येक दिवसांनी लहानपणीचा खळखळाट होता. ताई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या. खाली पोचल्यावर लेकीने मागे वळून विचारलं, "दमलीस?"

"नाही गं," ताई म्हणाल्या, आणि फाटकाजवळच्या बाकावर बसल्या. लेक रिक्षा बघायला रस्त्यावर गेली. रिक्षा आली, लेकीने हाक मारली, मग पुन्हा मारली. ताईंना ऐकू येत होतं. त्यांना फक्त, आत्ताच पुरलेल्या त्या मुलीजवळून उठता येत नव्हतं.